चिलखताची वीण

जर्मनीतल्या आमच्या वाल्डॉर्फहून गाडीने पाऊण तासाच्या आत ब्रेटन हे जुने गाव लागते. १५०४ साली व्युर्टेम्बर्गच्या ड्यूक उलरिशने त्याला वेढा घातला होता. गावाने तो परतवून लावला, आणि त्या पराक्रमाचा उत्सव आजही दर उन्हाळ्यात पीटर आणि पाउल या संतांच्या सणाला भरतो. त्या दिवसांत गल्लीबोळांतून जुन्या काळचे सैनिक, लोहार, सुईणी, भिकारी हिंडत असतात. पण गर्दीत खिळवून ठेवतो तो कड्याकड्यांच्या चिलखताचा सळसळाट. लोखंडाचा एवढा भार अंगावर असून तो कापडासारखा लवतो, काखेत चुणतो, खांद्यावरून ओघळतो. जवळ जाऊन विचारावे तर चिलखतवाला अभिमानाने सांगतो की हे मीच केले आहे, दोन हिवाळे गेले. एरवी तो कुठल्याशा कार्यालयात हिशेब तपासत असतो.

जर्मनीत हा छंद चांगला रुजला आहे, आणि त्याची आता एक शाखा लढाईपासून पार दूर गेली आहे. कड्यांचे कंबरपट्टे, गळ्यातले, कानातले, बटवे, पदराला लावायच्या झालरी, नुसत्या शोभेच्या भिंतीवरच्या पट्ट्या, अंगावर घालायची बिनबाह्यांची बंडी. वाल्डॉर्फ म्हटले की मराठी माणसाला एसएपीच आठवते. १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी काढलेली ही कंपनी पुढे इथे स्थिरावली आणि पंधरा हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात पुण्या-नाशिकची, सांगली-कोल्हापूरची मंडळी दुकानाच्या रांगेत भेटू लागली. हिवाळ्यात इथे दुपारी साडेचारलाच अंधारून येते. हाताला काही उद्योग नसला तर माणूस भिंतींशी बोलायला लागेल, म्हणून प्रत्येकाचा एक छंद असतो. तारेच्या कड्या जोडणे हा त्यातला स्वस्त आणि घरातल्या घरात होणारा.

साहित्य अगदीच साधे. तार, एक गुळगुळीत सळई, तार कापायची पक्कड आणि सपाट तोंडाच्या दोन पकडी. पकडींच्या तोंडाला आतून दाते नसावेत, नाहीतर प्रत्येक कडीवर ओरखडे उठतात. शिकायला कुंपणाची जस्त चढवलेली तार पुरते. इथल्या घरदुरुस्तीच्या सामानाच्या अवाढव्य दुकानांत ती गुंडाळीने मिळते. सळई ड्रिलमध्ये अडकवायची, तारेचे टोक तिला पाडलेल्या भोकात खोचायचे आणि ड्रिल अगदी हळू फिरवत तारेचे वेढे एकमेकांना चिकटून बसवायचे. (हे काम शनिवारी उरकावे. रविवारी ड्रिल लावलेत तर शेजारच्या आजी दार वाजवून कायदा सांगतील. कड्या जोडण्याला मात्र आवाज नाही, ते रविवारी खुशाल करा.) हात सोडला की वेढे थोडे उसळून सैल होतात, त्यामुळे ८ मिलिमीटरच्या सळईवरची कडी आतून आठपेक्षा जराशी मोठीच निघते. मग वेढे एका रेषेत कापत गेले की कड्या पडू लागतात. पकडीने कापले तर टोके चिमटल्यासारखी निमुळती होतात. सोनाराच्या बारीक करवतीने कापले तर सपाट. शोभेच्या कामाला करवतच हवी, कारण सपाट टोके जुळली की सांधा शोधावा लागतो.

आता कडी बंद करणे. सगळी विद्या इथे आहे, आणि नवशिक्याचा हात इथेच चुकतो. उघडी कडी दोन्ही पकडींत समोरासमोर धरायची. टोके एकमेकांपासून बाजूला फाकवायची नाहीत, तसे केले की कडीचा गोल मोडतो तो परत येत नाही. एक टोक आपल्याकडे, दुसरे पलीकडे असे मागे-पुढे सरकवायचे. बंद करताना त्याच वाटेने परत आणायचे, पण जुळले की थांबायचे नाही. किंचित आत दाबत टोक थोडे पुढे जाऊ द्यायचे आणि मागे घ्यायचे. तार उसळते हे लक्षात ठेवून केलेली ही सोय. टोकावर टोक घासल्याची खरखर पकडीतून तळहाताला कळते, मग ती एकदम थांबते आणि कडी जागेवर बसते. सांध्यावरून नख फिरवून पाहायचे. नख अडकले तर तिथे उद्या केस अडकणार आणि परवा साडीचा धागा.

सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात वापरातली वीण म्हणजे चारात एक. एका उघड्या कडीत चार बंद कड्या ओवायच्या आणि ती मिटवायची. टेबलावर पसरले की मधली कडी एकीकडे कललेली, तिच्या डावी-उजवीकडच्या दोन-दोन कड्या उलट्या बाजूला कललेल्या. पुढे प्रत्येक नवी कडी आधीच्या रांगेतल्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन कड्यांतून घालायची. एक रांग डावीकडे झुकते, पुढची उजवीकडे, आणि या झुकण्यामुळेच धातूला कापडाचा गुण येतो. कुठे एक कडी चुकीच्या बाजूने घातली तर विणीत भोक दिसत नाही, पण हात फिरवला की तिथे गाठ लागते. आमच्याकडच्या एका सांगलीच्या काकूंनी कुणी न शिकवता हे एका बैठकीत उचलले. स्वेटरची उलटी-सुलटी सळई ज्यांच्या बोटांत आहे त्यांना फार सांगावे लागत नाही.

नवशिके लोक कडी किती मोठी घ्यावी असे विचारतात, आणि तो प्रश्न अपुरा आहे. कडीच्या आतल्या व्यासाला तारेच्या जाडीने भागले की जो आकडा येतो तो महत्त्वाचा. १.६ मिलिमीटरची तार आणि आतून ८ मिलिमीटरची कडी असेल तर प्रमाण पाच. चारात एक या विणीला चार ते पाच प्रमाण छान बसते. तीनच्या आसपास आले तर जाळी पत्र्यासारखी ताठ होते, सहाच्या पुढे गेले तर ढगळ आणि भोकाभोकांची. सहात एक अशी घट्ट वीण घालायची तर प्रमाण आणखी मोठे लागते. बायझंटाईन नावाची चौकोनी पिळाची साखळी आहे, इथले सोनार तिला राजसाखळी म्हणतात. ती साडेतीनच्या आसपास उत्तम दिसते. पाचला केली तर पीळ दिसतच नाही, नुसता कड्यांचा घोळका होतो. प्रमाण तेच ठेवून तार बारीक केली की वीण जशीच्या तशी राहते, फक्त दागिन्याच्या मापाची होते. म्हणून जाणते लोक वहीत कड्यांची मापे न लिहिता प्रमाणे लिहून ठेवतात.

दुसरा हिशेब वजनाचा. त्याच १.६ आणि ८ मिलिमीटरच्या एका कडीला साधारण तीन सेंटिमीटर तार लागते. पोलादाची अशी कडी अर्ध्या ग्रॅमला किंचित कमी भरते, अॅल्युमिनियमची त्याच्या एक तृतीयांश. दहा हजार कड्यांना तीनशे मीटर तार; पोलादात पावणेपाच किलो, अॅल्युमिनियममध्ये दीड किलोच्या थोडे वर. खरे लढाईचे पूर्ण बाह्यांचे चिलखत वीस-तीस हजार कड्यांचे आणि दहा किलोंच्या आसपासचे असे. ते सगळे ओझे खांद्यावर येते, म्हणून कमरेला पट्टा आवळून निम्मा भार कमरेवर घेत. ब्रेटनच्या सैनिकांनाही पट्टा त्यासाठीच लागतो.

पण लढाईच्या चिलखतात आणि या छंदातल्या चिलखतात एक मूलभूत फरक आहे. नुसती टोके जुळवलेली कडी भाल्याच्या टोकाखाली उघडते. म्हणून जुने कारागीर कडीची टोके एकमेकांवर चढवून ठोकून चपटी करीत, त्यात भोक पाडीत आणि त्या भोकात टाचणीच्या डोक्याएवढी रिबीट ठोकून बसवीत. हे प्रत्येक कडीला. कड्यांचे चिलखत निदान इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकापासूनचे. रुमानियात चुमेश्ती इथे त्या काळच्या केल्ट योद्ध्याच्या थडग्यात कड्यांच्या चिलखताचे तुकडे सापडले. रोमन लेखक वारोने या चिलखताचे श्रेय गॉल लोकांना दिले आहे, आणि रोमन सैन्याने ते शतकानुशतके वापरले. पुढे न्यूरेम्बर्ग हे जर्मन शहर तार ओढण्याच्या आणि चिलखताच्या धंद्याचे मोठे केंद्र झाले. तिथे १३८८ मध्ये म्हाताऱ्या, गरीब कारागिरांसाठी मेंडेल घराण्याने एक आश्रम काढला होता. त्यात राहणाऱ्यांची आपापला धंदा करतानाची चित्रे एका ग्रंथात १४२५ च्या सुमारापासून काढत गेले. त्यात मांडीवर कड्यांची जाळी घेऊन बसलेला चिलखतकार आहे. हातातली पक्कड, गुडघ्यावरून ओघळलेली जाळी, खाली घातलेली मान, सगळे आज या छंदात बसतात तसेच.

रिबिटींचे काम निम्मे करायचीही एक युक्ती होती. एक रांग मुळातच अखंड कड्यांची आणि पुढची रिबिटींची, असे आलटून पालटून. ती युरोपात होती आणि आपल्याकडेही. हिंदुस्थानी चिलखतांत तर काही अखंड कड्यांना मधोमध आडवी दांडी असलेली दिसते. अफजलखानाच्या भेटीला, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते हे आपण चौथीत शिकतो. ते अंगरख्याखाली मावू शकले आणि त्यात हात मोकळे राहिले, याचे कारण ही वीण. पत्र्याचे चिलखत असते तर अंगरख्यातून लगेच कळले असते.

मला या सगळ्यात खरे कुतूहल वाटते ते नंतरच्या काळाचे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली कितीतरी हिंदुस्थानी चिलखते पाहिली तर त्यात रिबीट नाहीच. टोके नुसती जुळवलेली, म्हणजे आज छंद म्हणून करतात तीच पद्धत. आणि त्यात लोखंडाबरोबर पितळेच्या, तांब्याच्या कड्या मिसळून शंकरपाळ्यासारखे चौकोन, नागमोडी पट्टे, वेलपट्ट्या काढलेल्या. या मिश्र धातूच्या कामाला गंगाजमनी म्हणतात. बंदुकीच्या गोळीपुढे कड्यांचा काही उपयोग नव्हता. चिलखत दरबारात, मिरवणुकीत, सरदाराच्या अंगावर शोभेला उरले. कारागिराच्या डोक्यावरचा भाल्याचा धाक गेला आणि तो रंगांशी खेळायला मोकळा झाला. शोभेचे चिलखत हा पाश्चात्त्यांचा नवा छंद आहे असे इथे बरेच जण समजतात. माझ्या मते तो आपल्या शस्त्रागारांत दोनशे वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. इथे कुणी पितळी आणि पोलादी कड्यांची नक्षी करून दाखवली की मला पटकन ती गंगाजमनी चिलखतेच आठवतात.

युरोपात हे वळण बायकांच्या बटव्यांतून आले. १९०० च्या सुमारास बारीक चांदीच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या कड्यांच्या जाळीच्या पर्सची मोठी फॅशन होती. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबे, निकेल आणि जस्त एवढेच. मग १९६६ मध्ये पॅरिसला पाको राबानने आपला पहिला संग्रह मांडला. शिवणयंत्र बाजूला ठेवून त्याने प्लॅस्टिकच्या आणि धातूच्या चकत्या पकडीने कड्यांत जोडून पोशाख केले होते आणि संग्रहाचे नावच मुळी न घालता येण्याजोगे बारा पोशाख असे ठेवले होते. कोको शनेलने त्याला शिंपी मानायला नकार देऊन धातुकामगार ठरवले. तिने ते टोचून म्हटले, पण वर्णन चूक नव्हते. १९८२ मध्ये जियानी वर्साचेने अशी तलम धातूची जाळी आणली की ती रेशमासारखी अंगावर पडायची. चित्रपटांनीही हातभार लावला. लॉर्ड ऑफ द रिंग्ज या चित्रत्रयीसाठी न्यूझीलंडमध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या कापून सुमारे सव्वा कोटी कड्या हाताने जोडल्या गेल्या, आणि जोडणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजून गेले असे सांगतात. त्या चित्रपटांनंतर जगभर किती जणांनी पकडी विकत घेतल्या असतील देव जाणे.

वाल्डॉर्फच्या आसपासच्या मुलखाला कड्यांचे वावडे कधीच नव्हते. तासाभराच्या अंतरावर फोर्झहाइम आहे, जर्मनीतले सोन्याचे शहर. बाडेनच्या कार्ल फ्रीडरिशने १७६७ मध्ये तिथल्या अनाथाश्रमात घड्याळांचा आणि दागिन्यांचा कारखाना काढवला आणि त्यातून शहरभर धंदा वाढला. आसपासच्या खेड्यांतून कामगार खिळे ठोकलेले बूट वाजवत पायी कामाला येत. बायका साखळ्यांचे काम घरी नेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीच्या पैंजणांचे जोडकाम घरोघरी चालते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. फरक इतकाच की पैंजणाच्या कडीला डाग देऊन सांधा झाळतात, छंदाची कडी नुसती मिटवतात. फोर्झहाइमच्या शेजारी म्युलॅकर इथे तर आजही कड्यांची जाळी कारखान्यात होते, ती खाटकांच्या हातमोज्यांसाठी. स्टेनलेस स्टीलची, प्रत्येक कडी वितळवून सांधलेली, सुरा घसरला तरी बोट वाचवणारी. जुन्या चिलखताचे काम अजून खरोखर कोण करत असेल तर हे हातमोजे. वाल्डॉर्फचा सगळ्यात प्रसिद्ध सुपुत्र, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलच्या नावामागचा योहान याकोब आस्टर, १७६३ मध्ये इथल्या खाटकाच्याच घरी जन्मला होता. त्याच्या बापाला असा मोजा मिळाला असता तर बरे झाले असते.

कपडे करायचे ठरवले की धातूची निवड नीट करावी. अॅल्युमिनियम हलके, स्वस्त, पकडीला मऊ. पण नुसते वापरले तर पांढऱ्या सदऱ्यावर राखाडी डाग पडतात. रंगीत अॅल्युमिनियममध्ये विजेने वर चढवलेल्या ऑक्साइडच्या बारीक छिद्रांत रंग मुरवलेला असतो, त्यामुळे तो सहज जात नाही, मात्र कापलेल्या टोकाला आतला पांढरा धातू दिसतो. टायटॅनियमचा निळा-जांभळा रंग हा रंगच नव्हे. विजेचा दाब जितका जास्त तितका ऑक्साइडचा थर जाड, आणि थराच्या जाडीप्रमाणे प्रकाशाच्या खेळातून दिसणारी छटा वेगळी. स्टेनलेस स्टील टिकाऊ खरे, पण मनगट दुखते, वाकवावे तसे ते अधिक कडक होत जाते. पितळ-तांबे घामाने काळवंडते. चिंच लावून धुवावे आणि केस वाळवायच्या यंत्राने कडीकडीतून पाणी घालवावे. जस्ताच्या तारेला मात्र चिंच लावू नका, आंबटाने जस्तच खाल्ले जाते. आणि जस्ताची तार मऊ करायला कधीही तापवू नये, तिचा धूर विषारी असतो. स्वस्त बाजारी कड्यांत निकेल असते, त्याने कित्येकांच्या कातडीला खाज सुटून पुरळ येते. युरोपीय संघाने १९९४ मध्येच अंगाला लागणाऱ्या वस्तूंतून निकेल सुटण्यावर मर्यादा घातली. भारतातून कड्या मागवणाऱ्यांनी एवढे विचारून घ्यावे.

विणीला आडवे-उभे असते, हे कापड बेतणाऱ्याला सांगायला नको. चारात एकची पट्टी एका दिशेने लटकवली तर कड्या एकमेकींत सरकून ती अरुंद होते आणि दोन्ही बाजूंना ताणता येते. नव्वद अंशांत फिरवून लटकवली तर भोके उघडी राहतात, रुंदी वाढते, ताण मात्र उरत नाही. अंगातल्या कपड्याला ताण आडवा हवा, नाहीतर श्वास घेताना छाती अडते आणि कपडा डोक्यावरून निघत नाही. झालरीला, पडद्याला उलट दिशा शोभते, कारण तिथे जाळी उघडी दिसणेच हवे असते. खांद्याला आणि बगलेला कात्री चालवायची नाही. एका रांगेत दोन कड्यांच्या जागी एक घालून घटवायचे, एकीच्या जागी दोन घालून वाढवायचे. आत सुती अस्तर किंवा जाड सदरा असला म्हणजे कातडी आणि केस दोन्ही वाचतात.

परदेशातल्या मराठी घरांत या विद्येला एक हक्काची संधी येते, ती शिवजयंतीच्या नाटुकल्याला. आजवर लोकरीच्या विणलेल्या बनियनला चंदेरी रंग फासून वेळ मारून नेली जायची. तसे तर मोठमोठ्या चित्रपटांतही केले आहे आणि लांबून ते खपून जाते. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी बिनबाह्यांची कड्यांची बंडी चार-पाच हजार कड्यांत बसते. पोलादाची केली तर दोन किलोंवर जाईल आणि छोटे महाराज दुसऱ्या प्रवेशाला बसकण मारतील. अॅल्युमिनियमची पाऊण किलोच्या आसपास राहते. कडेच्या दोन रांगा पितळी रंगाच्या घेतल्या की गंगाजमनी होते, प्रेक्षकांतल्या आज्यांना ती फार आवडते. घरातल्या चौघांनी एकेक पट्टी विणायला घ्यावी आणि शेवटी जोडावी. फक्त सगळ्यांनी कडी एकाच हाताने एकाच दिशेने घालायची हे आधी ठरवावे, नाहीतर पट्ट्या जुळत नाहीत. पुढच्या वर्षी मूल वाढते. तेव्हा दोन्ही बगलांखालची एकेक रांग उघडायची, मध्ये चार रांगा भरायच्या आणि पुन्हा मिटवायची.